बिलियर्डचा खेळ आणि थोरवीचा वाद

गेल्या हिवाळ्यांत आमच्या प्राध्यापकमंडळींच्या खोलींत एक वाद निघाला, आणि मधल्या सुटींत सुरू झालेला तो वाद संध्याकाळपर्यंत पुरला. वणीसारख्या गांवीं कोणालाहि चमत्कारिक वाटावा असाच त्याचा विषय होता. पुण्यास जन्मलेला विल्सन जोन्स मोठा, कीं पुण्यासच जन्मलेला पंकज अडवाणी मोठा, असा प्रश्न एका तरुण सहकाऱ्यानें टाकला, दुसऱ्यानें मध्येंच मुंबईच्या मायकेल फरेराचें नांव घातलें, आणि तिसरे, जे गणिताचे अध्यापक आहेत, ते म्हणाले, "ज्या खेळाचें टेबल तुमच्यापैकीं निम्म्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं, त्या खेळाचा राजा निवडायला निघालां आहांत!" आक्षेप खरा होता. या जातीच्या खेळांत आम्हां वणीकरांची धाव कॅरमच्या बोर्डापर्यंत. राणी कोणी घेतली आणि ती झांकली कीं नाहीं, यावरून भांडणें आम्हीं लहानपणीं पुष्कळ केलीं. पण बारा फूट लांब, सहा फूट रुंद, हिरव्या बनातीचें तें टेबल आमच्या ओसरींत मावण्याजोगें नव्हतें आणि आमच्या वडिलांच्या पगारांतहि नव्हतें.

तरीहि तो वाद डोक्यांतून जाईना. घरीं येऊन जुनीं पुस्तकें चाळूं लागलों, तेव्हां असें दिसून आलें कीं, या परक्या खेळाच्या इतिहासांत आपलीं माणसें आणि आपला प्रदेश वाटतो त्यापेक्षां बरेच आधीं आणि बरेच खोलवर आलेले आहेत.

आमच्या वाचनांत आलेला मराठी माणसाचा सर्वांत जुना संबंध पुण्यामुंबईंत नव्हे, तर गंगेच्या कांठीं बिठूरास सांपडतो. दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक पुत्र नानासाहेब पेशवे यांच्या वाड्यांत बिलियर्डची खोली होती. जॉन लँग नांवाचा, ऑस्ट्रेलियांत जन्मलेला एक बॅरिस्टर त्यांचा पाहुणा म्हणून तेथें उतरला होता. हाच लँग १८५४ सालीं झांशीच्या राणीसाहेबांच्या बोलावण्यावरून त्यांची कैफियत ऐकण्यास गेला होता, हें पुष्कळांस ठाऊक आहे. १८५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत तो नानासाहेबांबरोबर खेळलेल्या बिलियर्डची हकीकत देतो. आपण वाईट खेळाडू नाहीं, उलट फार चांगले खेळतों, असें तो स्वतःच सांगतो. आणि महाराज आपल्याला अगदीं सुखासुखी जिंकूं देत आहेत, हेंहि त्याच्या ध्यानांत आल्यावांचून राहिलें नाहीं. याच मुक्कामांत त्याला महाराजांचें गाऱ्हाणेंहि ऐकावें लागलें. गाऱ्हाणें कोणतें, तें सांगावयास नकोच. १८५१ सालीं बाजीराव वारल्यावर कंपनी सरकारनें बंद केलेलें आठ लाखांचें पेन्शन!

आम्ही हा प्रसंग वाचला तेव्हां प्रथम हसूं आलें आणि मग तें हसूं ओसरलें. पाहुण्याला जिंकूं देणें ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सोंगट्यांच्या पटावर व्याह्याला हरविणारा यजमान आपल्याकडे अडाणी समजतात. परंतु येथें यजमान पेशव्यांच्या गादीचा वारस आहे, पाहुणा एक वकील आहे, आणि टेबलाच्या पलीकडे लंडनपर्यंत पोंचवावयाचा एक अर्ज आहे. अशा स्थितींत चांगला फटका हातांत असतांना तो न मारणें, यालाहि एक कसब लागतें. आणि त्या कसबाची नोंद कोठल्याहि विक्रमाच्या वहींत होत नाहीं. १८५७ सालीं इंग्रज फौजेनें तो वाडा उद्ध्वस्त केला. तें टेबलहि त्यांतच गेलें असावें.

त्याच सालाची दुसरी एक खूण ढाक्यास आहे. आज ज्याला बहादूरशाह पार्क म्हणतात, त्या मैदानाचें जुनें नांव 'अंटाघर मैदान' असें होतें. तेथें आर्मीनियन व्यापाऱ्यांचा एक क्लब होता आणि त्यांत बिलियर्ड चाले. हस्तिदंती चेंडूंना तिकडचे लोक 'अंटा' म्हणत. १८५७ नंतर बंडांत सांपडलेल्या शिपायांना याच मैदानांत फांशीं दिलें गेलें. एका करमणुकीच्या खेळाचें नांव लागलेल्या जागेच्या नशिबीं हें यावें, हा इतिहासाचा क्रूरपणाच म्हणावयाचा.

आतां खेळाविषयीं थोडें. आमच्या वाचकांपैकीं जे क्लबांत जाणारे असतील त्यांनीं हा परिच्छेद सोडून द्यावा. बिलियर्डमध्यें चेंडू तीनच: एक तांबडा आणि दोघां खेळाडूंचे दोन. पूर्वी ते दोन्ही पांढरे असत व एकावर ठिपका असे. पुढें त्यांतला एक पिवळा करण्यांत आला. आपला चेंडू उरलेल्या दोहोंस लागला म्हणजे 'कॅनन', त्याचे २ गुण. तांबडा खिशांत घातला तर ३, प्रतिस्पर्ध्याचा घातला तर २. आणि दुसऱ्या चेंडूला लागून आपलाच चेंडू खिशांत गेला तर तो 'इन-ऑफ'. तांबड्यावरून गेल्यास ३, दुसऱ्यावरून गेल्यास २. कॅरममध्यें स्ट्रायकर खिशांत गेला कीं दंड होतो. येथें त्याचेंच बक्षीस मिळतें. कॅरम खेळणाऱ्या माणसाला हें प्रथम पटतच नाहीं! जोंवर गुण मिळत राहतात तोंवर खेळाडू टेबलापाशीं उभा असतो आणि त्याचा प्रतिस्पर्धी खुर्चीवर बसून असतो. क्रिकेटमध्यें समोरच्याचें शतक होत असतांना निदान धांवावयास तरी मिळतें. येथें हातांतली काठी उभी धरून, चेहरा शांत ठेवून, पहात बसावयाचें. कांहीं चांगले खेळाडू केवळ या बसण्यानें खचतात.

काठीच्या, म्हणजे क्यूच्या, टोंकाला चामड्याची टिकली बसविण्याची युक्ति एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मँगो नांवाच्या एका फ्रेंच राजबंद्याच्या नांवावर आहे. ती टिकली आणि तिच्यावर घासावयाचा खडू, या दोन क्षुल्लक वस्तूंनीं खेळाचें रूप पालटलें. कारण त्यांच्यामुळें चेंडूच्या मध्यबिंदूच्या डाव्या-उजव्या अंगास मारून त्याला हवी तशी फिरकी देतां येऊं लागली. पुढें टेबलाच्या लाकडी तळाच्या जागीं पाटीचा दगड आला, कडांस रबर आलें. आणि जो खेळ पूर्वीं बराचसा दैवाचा होता, तो हिशेबाचा झाला.

या हिशेबाचें मर्म आम्हांस कोणत्याहि पुस्तकानें सांगितलें नाहीं. आम्ही नागपुरास शिकत असतांना एका मित्राच्या वडिलांबरोबर तेथील एका क्लबांत दोनचार वेळां गेलों होतों. तेथें एक म्हातारा मार्कर होता. मार्कर म्हणजे गुण मोजणारा, बनात झाडणारा, दिवे लावणारा, आणि सभासदाला जोडीदार मिळाला नाहीं तर त्याच्याबरोबर खेळून बहुधा हरणारा नोकर. आमची नजर तांबड्या चेंडूबरोबर खिशाकडे धांवते, हें त्यानें पाहिलें आणि तो हळूच म्हणाला, "भाऊ, लाल कोठी गेला थे सारेच पाह्यतात, पांढरा कोठी थांबला थे पाहा." बिलियर्डवरचे ग्रंथ आम्हीं नंतर पाहिले. त्यांतली प्रकरणेंच्या प्रकरणें या एका वाक्याचा विस्तार आहेत. हातचा फटका साधणें ही अर्धी विद्या. पुढचा फटका सोपा पडेल अशा जागीं चेंडू आणून उभे करणें ही उरलेली अर्धी. जोन्स काय, फरेरा काय किंवा अडवाणी काय, कोणाचाहि मोठा ब्रेक पहा. त्यांत अवघड फटके फारच थोडे दिसतात. अडाणी प्रेक्षक म्हणतो, 'हें तर मलाहि जमलें असतें.' ती त्या खेळाडूला मिळालेली सर्वांत मोठी शाबासकी समजावी.

पण हें सोपेपण अति झालें म्हणजे काय होतें, याचा धडा पाश्चात्यांनीं दोनदां घेतला. टॉम रीस यानें १९०७ सालीं लंडनमध्यें दोन चेंडू एका खिशाच्या तोंडाशीं अडकवून ठेवून त्यांवर कॅननमागून कॅनन मारीत महिनाभर एकच ब्रेक चालविला, आणि ४,९९,१३५ गुण होऊनहि तो संपला नाहीं! ती युक्ति अर्थात् पुढें नियमानें बंद झाली. नंतर ऑस्ट्रेलियाचा वॉल्टर लिंड्रम आला. त्यानें कसलीहि अडकवाअडकवी न करतां, तीन चेंडू कडेकडेनें बोटभर बोटभर हालवीत, १९३२ सालीं जो डेव्हिससारख्या प्रतिस्पर्ध्याला खुर्चींत बसवून ठेवून ४,१३७ चा ब्रेक केला. त्याला आवरण्यासाठीं ठराविक गुणांच्या आंत चेंडूनें टेबलाच्या दुसऱ्या टोंकाची बॉकची रेघ ओलांडलीच पाहिजे, असा नियम करावा लागला. एका माणसासाठीं खेळाचा कायदा बदलावा लागणें, याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणतें? परंतु त्याच सुमारास प्रेक्षक बिलियर्डला कंटाळून स्नूकरकडे वळूं लागले, हेंहि तितकेंच खरें. आपल्या थोरवीनें स्वतःच्याच खेळाचें घर रिकामें करणारा असा दुसरा खेळाडू आम्हांस ठाऊक नाहीं.

आणि हें स्नूकर तरी कोठलें? तें आमच्या शेजारचें! १८७५ च्या पावसाळ्यांत जबलपूरच्या लष्करी मेसमध्यें डेव्हनशायर रेजिमेंटचा नेव्हिल चेंबर्लेन नांवाचा एक कोंवळा अधिकारी सोबत्यांबरोबर 'ब्लॅक पूल' हा पैजेचा खेळ खेळत असे. बाहेर पाऊस, आंत रिकामा वेळ. अशांत त्यानें पंधरा तांबड्या चेंडूंत निरनिराळ्या रंगांचे चेंडू मिसळून पाहिले. वुलिचच्या लष्करी विद्यालयांत पहिल्या वर्षाच्या पोरांना 'स्नूकर' म्हणतात, असें त्याला कोणी सांगितलें होतें. एका सोबत्याचा सोपा फटका चुकला तेव्हां त्यानें तो शब्द त्याला चिकटविला, आणि तेथून तो खेळालाच चिकटला. १८८२ सालीं उटकमंडच्या क्लबांत त्याचे नियम लिहून लावले गेले. इंग्लंडचा नामांकित खेळाडू जॉन रॉबर्ट्स १८८५ सालीं हिंदुस्थानांत आला असतां कलकत्त्यास चेंबर्लेनला भेटला आणि खेळ विलायतेस घेऊन गेला. जबलपूर तेव्हां नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतांत होतें, आणि १९०३ पासून वऱ्हाडहि त्याच प्रांताच्या कारभाराला जोडलें गेलें. १९०५ पर्यंत आमच्या यवतमाळ जिल्ह्याला सरकारी दप्तरांत आमच्या वणीचेंच नांव होतें. साहेबाच्या जिभेवर त्याचें 'वूण' झालें होतें, एवढेंच. तेव्हां गणिताच्या अध्यापकांना आम्हीं दुसऱ्या दिवशीं बजावलें कीं, टेबल पाहिलें नसलें तरी या खेळाशीं आपलें शेजारपणाचें नातें आहे. त्यांनीं तें मानलें नाहीं. "जबलपूरच्या मेसमध्यें वणीच्या माणसाला पंखा ओढण्यापुरतेंच आंत घेतलें असतें," असें ते म्हणाले. आणि याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

खरें म्हणजे थोरवीच्या वादाची मेख त्या एका वाक्यांत आहे. हिंदुस्थानांत बिलियर्डचीं टेबलें होतीं तीं राजवाड्यांत, लष्करी मेसांत आणि क्लबांत. त्यांच्याभोंवतीं दिवसाचे दहा-दहा तास वावरणारा, प्रत्येक टेबलाचा उतार आणि प्रत्येक कडेचा स्वभाव ओळखणारा हिंदी माणूस कोण? तर मार्कर. पण राष्ट्रीय व जागतिक स्पर्धा हौशी खेळाडूंसाठीं होत्या, आणि खेळावर पगार घेणारा तो हौशी नव्हे, अशी त्या काळच्या इंग्रजी शब्दाची व्याख्या होती. विलायतेंत अशा माणसाला धंदेवाईक खेळाडू होण्याची वाट मोकळी होती. डेव्हिस आणि लिंड्रम त्या वाटेनेंच मोठे झाले. आपल्याकडे ती वाट नव्हती. म्हणजे मार्कर हौशी नव्हे आणि धंदेवाईकहि नव्हे. तो नुसता नोकर. आमच्या सहकाऱ्यांनीं ज्या यादींतून थोर खेळाडू निवडावयाचा म्हटला, ती यादी या माणसांना दाराबाहेर ठेवून तयार झालेली आहे. असें म्हटल्यानें जोन्सचें कांहीं कमी होत नाहीं. पण 'सर्वश्रेष्ठ' हा शब्द उच्चारतांना जीभ थोडी अडखळावी, इतकें तरी होतें.

विल्सन जोन्स हा १९२२ सालीं पुण्यास जन्मला आणि तेथील बिशप्स शाळेंत शिकला. १९५० सालीं तो प्रथम बिलियर्डचा राष्ट्रीय विजेता झाला. पुढें एकंदर १२ वेळां तें पद त्यानें मिळविलें, आणि स्नूकरचें ५ वेळां. १९५८ सालीं कलकत्त्यास तो जागतिक हौशी विजेता झाला. कोणत्याहि वैयक्तिक खेळांत जगज्जेता होणारा तो पहिला भारतीय. १९६४ सालीं न्यूझीलंडमध्यें त्यानें तें पद पुन्हां जिंकलें. सरकारनें त्याला अर्जुन पुरस्कार, पद्मश्री आणि १९९६ सालीं गुरु म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार दिला. २००३ सालीं मुंबईस तो वारला.

हें सर्व छापील आहे, कोणालाहि सांपडेल. आम्हांस विचारावयाचें आहे तें वेगळें. १९५२ सालीं हेलसिंकीला कुस्तींत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव मराठी घरांत सर्वांना माहीत आहेत. त्यांची सरकारनें उपेक्षा केली म्हणून आपण आजहि हळहळतों, आणि तें योग्यच आहे. पण पुण्यांत जन्मून जगज्जेता झालेल्या जोन्सचें नांव आमच्या घरीं कधीं निघालें नाहीं. आमच्या वडिलांना देवधरांच्या खेळ्या तोंडपाठ होत्या. जोन्स त्यांना ठाऊक नव्हता. आणि ठाऊक असता तरी तो 'आपला' वाटला असता कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे. नांव इंग्रजी, भाषा इंग्रजी, खेळ साहेबाचा. तेव्हां पुण्याच्या अभिमानाच्या यादींत तो बसला नाहीं. आम्हीं मार्करसाठीं क्लबवाल्यांना दोष दिला. पण आपल्या पंक्तीलाहि दार आहे आणि त्या दाराशीं आपणच उभे आहों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

फरेराची गोष्ट याहून तिखट आहे. १९६४ च्या न्यूझीलंडच्या स्पर्धेंत तोहि भारतातर्फे खेळला होता. तो स्वतः १९७७, १९८१ आणि १९८३ अशा तीन सालीं जागतिक हौशी विजेता झाला. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेंत त्यानें १,१४९ चा ब्रेक करून हौशी खेळाडूंत प्रथमच हजाराचा टप्पा ओलांडला. १९८१ सालीं त्याला पद्मश्री देऊं केली असतां त्यानें ती नाकारली. त्याचें म्हणणें असें कीं, सुनील गावसकरला पद्मभूषण मिळतें, तर जगज्जेत्याला एक पायरी खालचा मान कां? आम्ही त्या वेळीं शाळेंत होतों, आणि गावसकरशीं कोणी स्वतःची तुलना करतो, याचाच आम्हांला संताप आला होता. आमच्या आळींत फरेराच्या बाजूनें बोलणारा एकहि माणूस नव्हता. १९८३ सालीं सरकारनें त्याला पद्मभूषण दिलें.

आज आमचें मत निराळें आहे, पण तें सर्वस्वीं फरेराच्या बाजूचेंहि नाहीं. मान मागून घेऊं नये, हा आपल्याकडचा संस्कार. तो आम्ही टाकूं शकत नाहीं. मात्र त्यानें विचारलेला प्रश्न चोख होता. किती लोक पाहतात यावर थोरवी मोजावयाची, कीं जो तो आपापल्या खेळांत कोठवर पोंचला यावर? गणिताचे अध्यापक यावर म्हणाले, "दहाबारांत पहिला येणें आणि हजारांत पहिला येणें, हीं दोन्ही सारखीं कशीं?" हिशेब बरोबर आहे. बिलियर्ड खेळणारे देश मूठभर आणि जागतिक स्पर्धेंत उतरणारे खेळाडू त्याहून थोडे. पण खुर्चींत बसून समोरचा तास तास खेळत असतां मन ढळूं न देणें, ही कसोटी प्रतिस्पर्धी दहा असोत कीं हजार, तितकीच कठीण राहते. ती गावसकरनें वेस्ट इंडीजच्या माऱ्यापुढें दिली, तीच यांनीं शांत खोलींत दिली.

राहिला अडवाणी. पुण्यांत १९८५ सालीं जन्मून तो बंगलोरास वाढला. बिलियर्ड आणि स्नूकर मिळून त्याचीं जागतिक विजेतेपदें २५ हून अधिक आहेत, आणि दोन्ही खेळांत सारखाच वाकबगार असणें ही अत्यंत दुर्मिळ गोष्ट होय. संख्येनें पाहिलें तर वादच उरत नाहीं. परंतु जोन्सच्या काळीं कित्येक तासांचा एकच सामना असे आणि जागतिक स्पर्धा वर्षांआड किंवा त्याहूनहि लांबणीवर भरे. आतां १५० गुणांचे लहान डाव निराळे, घड्याळावर चालणारे लांब डाव निराळे, आणि दोहोंचीं विजेतेपदें निराळीं. आण्याचें आणि पन्नास पैशांचें नाणें एका गल्ल्यांत मोजण्यासारखें हें आहे. आम्हांस विचाराल तर आम्ही हात जोडूं अडवाणीला. पण पाहावयाला मिळाला असता तर बसलों असतों जोन्सच्या टेबलापाशीं. हें मत आहे, पुरावा नव्हे.

नागपूरच्या त्या क्लबांत आम्ही शेवटचे गेलों त्या रात्रीं मंडळी लौकर उठलीं. मित्राचे वडील बाहेर गाडीपाशीं कोणाशीं बोलत थांबले होते, आणि आम्ही राहिलेली छत्री घेण्यास परत आंत आलों. मार्कर एकटा होता. त्यानें बनात झाडून झांकण घालावयाचें म्हणून चेंडू गोळा केले होते. पण झांकण खुर्चीवर तसेंच पडलें होतें आणि तो वांकून खेळत होता. तांबडा, मग कॅनन, मग पुन्हां तांबडा. पांढरा चेंडू दर वेळीं वीतभर सरकून थांबे. गुणांच्या फळ्यावरचा कांटा शून्यावर होता आणि त्याला तो हात लावीत नव्हता. आम्ही दाराशीं उभे राहून तीस मोजले, मग साठ. बाहेरून हांक आली तेव्हां त्याची दृष्टि आमच्याकडे गेली. त्यानें क्यू भिंतीच्या खुंटीला लावला, छत्री आमच्या हातीं दिली आणि दोन्ही हातांनीं झांकण पसरूं लागला.